जुन्या लोखंडी सायकलला नवे ब्रेक, नवे गिअर: गोव्यातल्या नवशिक्यांसाठी रीतसर क्रम

जुनी सायकल हाती आली की बहुतेक जण आधी रंग ठरवतात. ठरवा, पण लावू नका. रंग लावून झाल्यावर कळते की नवे चाक फ्रेममध्ये बसत नाही. मग मागची टोके ताणावी लागतात, खाचा कानशीने घासाव्या लागतात, आणि ताज्या रंगाचे पापुद्रे निघतात. म्हणून क्रम असा ठेवा: तपासणी, सुटे करणे, मोजणी, गंज काढणे, फ्रेम सरळ करणे, नवे भाग कच्चे बसवून पाहणे, पुन्हा सगळे सुटे करणे, रंग आणि शेवटी पक्की जुळणी. कच्ची जुळणी टाळावीशी वाटते, कारण तेच काम दोनदा करावे लागते. ती टाळू नका.

गोव्यात वेळेचे गणितही पाहावे लागते. सुटे करणे, मोजणे, भाग जमवणे ही कामे पावसाळ्यात घरात बसून होतात. रंग मात्र दिवाळीनंतर ते शिगम्यापर्यंतच्या कोरड्या महिन्यांतच लावा. जुलैच्या दमट हवेत मारलेला रंग धुरकट होतो, आणि उघडे लोखंड तर एका रात्रीत तांबूस पडते.

१. घेण्याआधी फ्रेम तपासा

आपल्याकडे भंगारवाल्यांकडे, म्हापशाच्या बाजारात किंवा कुणाच्या पडवीत सापडते ती बहुधा काळी, रॉड ब्रेकची (केबलऐवजी लोखंडी सळ्यांनी ओढल्या जाणाऱ्या ब्रेकची) २२ किंवा २४ इंची फ्रेमची रोडस्टर असते: रॅले, हर्क्युलस, फिलिप्स, बी.एस.ए., ॲटलस, हीरो, एव्हन. पुढच्या नळीवरचा बिल्ला नीट वाचा. त्यावर ‘नॉटिंगहॅम’ असेल तर ती इंग्लंडची रॅले, आणि तिचे आटे वेगळे असू शकतात (मुद्दा ४ पाहा). आसनसोलची सेन-रॅले किंवा अंबत्तूरची हर्क्युलस असेल तर सुटे भाग मिळायला सोपे.

नंतर हे पाहा:

- हँडलखालच्या दोन्ही नळ्यांवर, जोडापासून ३-५ सें.मी. मागे बोट फिरवा. फुगवटा किंवा सुरकुती लागली तर सायकल समोरून आदळलेली आहे. ती सोडून द्या.
- पेडलच्या पोकळ बुशीखाली आणि सीटच्या नळीच्या तळाशी स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने टकटक करा. आवाज टणटणीत यायला हवा. बद्द आवाज आला तर आत पाणी साचून पत्रा पातळ झालेला असतो. खाऱ्या हवेत फ्रेम आतून खाल्ली जाते, बाहेरचा रंग मात्र शाबूत दिसतो.
- मागच्या चाकाच्या खाचा आणि कॅरियरचे कान बघा. पोदेराने (पाववाल्याने) वापरलेल्या सायकलीवर वर्षानुवर्षे पावाच्या टोपलीचा भार असतो. अशा फ्रेमची खाच रुंदावलेली किंवा कान तडकलेला असतो. तडा पितळी गॅस-वेल्डिंगने भरता येतो. आर्क वेल्डिंग करू देऊ नका, पातळ नळीला भोक पडते.
- दोरा-परीक्षा: मागच्या एका खाचेतून दोरा काढून पुढच्या नळीला वळसा घाला आणि दुसऱ्या खाचेत ताणून बांधा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजा. २ मि.मी.पर्यंत फरक चालतो. ५ च्या पुढे गेला तर किंमत पाडून घ्या किंवा नको म्हणा.

वरचा गंज, वाकडे मडगार्ड, गेलेली सीट, फुटलेली चेनकव्हर यांना घाबरू नका. तो सगळा माल बदलायचाच असतो.

कागद म्हणाल तर एकच, पण तो घ्याच: फ्रेम नंबर लिहिलेली, विकणाऱ्याच्या सहीची पावती. नंबर बहुधा सीटच्या जोडावर किंवा बुशीखाली ठोकलेला असतो. घासून काढलेला नंबर दिसला तर व्यवहार करू नका. रंगाआधी नंबरचा फोटोही काढून ठेवा, कारण जाड कोटिंगखाली तो बुजतो.

२. हत्यारे

व्हर्नियर कॅलिपर हे पहिले. त्याशिवाय काम सुरू करू नका. आटे मोजायचा गेज, ८ ते १७ मि.मी. पाने, मोठा स्क्रू पाना, सी-क्लॅम्प, बी.बी. (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलच्या बुशीतला ॲक्सल, छर्रे आणि कप) कपाचा पाना, कोनचे पातळ पाने, चेन तोडायचे हत्यार, कानशी, पितळी तारेचा ब्रश, १०-१२ मि.मी. जाडीचा दोन फुटी आट्यांचा दांडा आणि चार नट. ग्रीस, आत शिरणारे तेल, जाड रबरी हातमोजे, गॉगल. आऱ्यांचा पाना घ्या, पण चाकाचा आउट (वाकडेपणा) काढायचे काम पहिल्या वेळी सायकलवाल्याकडूनच करून घ्या. आपल्या म्हापसा-मडगावच्या जुन्या दुकानांत हे काम हाताच्या बोटांवर करणारे कारागीर अजून आहेत.

३. सुटे करणे

आदल्या दिवशी प्रत्येक नट-बोल्टवर आत शिरणारे तेल सोडा. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

*कॉटर पिन.* क्रँक (पेडलचा दांडा) ॲक्सलला पक्का धरणारी ही पिन. इथेच सगळ्यात जास्त नुकसान होते. नट पूर्ण काढून पिनवर हातोडा मारला की पिन चेपते आणि क्रँकमध्ये कायमची अडकते. नट पिनच्या टोकाशी सपाट येईल इतकाच सैल करा, म्हणजे आटे वाचतात. मग सी-क्लॅम्प लावून दाबा: एका बाजूला नट, दुसऱ्या बाजूला पिनचे डोके शिरेल अशी पोकळ बुशी. ‘टक्’ आवाजाने पिन सुटते. हातोडा मारायचीच वेळ आली तर क्रँकखाली जमिनीपर्यंत लोखंडी पाइपचा टेकू द्या. टेकू नसेल तर प्रत्येक फटका आतल्या छर्ऱ्यांवर बसतो आणि कपात खळगे पडतात.

*बी.बी. कप.* इंग्रजी पद्धतीच्या फ्रेमवर चेनच्या बाजूचा कप उलट्या आट्यांचा असतो. तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. डावीकडचा कप नेहमीसारखा. हे न कळल्यामुळे लोक तासभर कप आणखी घट्ट करत बसतात.

*हँडलचा दांडा.* वरचा बोल्ट पाच-सहा फेऱ्या सैल करून त्यावर लाकूड ठेवून एक ठोका द्या, आतली पाचर खाली पडते. बोल्ट पूर्ण काढला तर पाचर आत राहते.

*सीटची नळी.* लोखंडात लोखंड अडकले असेल तर तेल आणि चिकाटी पुरते. फ्रेम उलटी टांगून बुशीच्या बाजूने तेल सोडा आणि जुनी सीट लावून डावी-उजवी हिसडा. ॲल्युमिनियमची नळी लोखंडात अडकली असेल तर प्रकरण अवघड आहे. कॉस्टिक सोड्याने ती विरघळते, पण घरात हा प्रयोग नको. लेथवाल्याकडे न्या.

काढलेला प्रत्येक भाग वेगळ्या पिशवीत ठेवून चिठ्ठी लावा. छर्रे मोजून ठेवा: बी.बी.मध्ये पाव इंचाचे, एका बाजूला अकरा. हँडलच्या कटोरीत बहुधा ५/३२ इंची. पुढच्या हबात (चाकाच्या मधल्या भागात) ३/१६, मागच्यात पाव इंची. छर्रे स्वस्त आहेत, जुने पुन्हा वापरू नका.

४. मोजणी: भाग मागवण्याआधी

कागदावर हे आकडे लिहा आणि तो कागद खिशात ठेवा.

- *मागच्या खाचांमधले अंतर.* रोडस्टरला बहुधा ११० ते ११४ मि.मी. असते. नवे हब १२०, १३० आणि १३५ मध्ये येतात.
- *पुढच्या चिमट्यातले (पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कमधले) अंतर.* जुने ९१ ते ९६, नवे १००. खाचही पाहा: जुना पुढचा ॲक्सल ५/१६ इंची म्हणजे जेमतेम ८ मि.मी., नवा ९ मि.मी. खाच दोन्ही बाजूंनी सारखी घासावी लागते. एकीकडेच घासली तर चाक तिरके बसते.
- *बी.बी.ची बुशी.* रुंदी ६८ मि.मी. आणि आटे इंचाला २४ असतील तर निश्चिंत व्हा, बाजारातला चौकोनी ॲक्सलचा सीलबंद बी.बी. बसेल. नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅलेत बुशी ७१ किंवा ७६ मि.मी. आणि आटे २६ सापडतात. २४ आट्यांचा कप त्यात दोन फेऱ्या जातो, मग अडतो. जोर लावला की बुशी गेली. अशा फ्रेमसाठी दोन उपाय: जुने कप ठेवून योग्य लांबीचा चौकोनी ॲक्सल घाला, किंवा आट्यांशिवाय आतून आवळून बसणारा बी.बी. मागवा.
- *चिमट्याची वरची नळी.* जुन्यात १ इंची, आटे असलेली. आत २२.२ मि.मी.चा दांडा जातो. नव्या पद्धतीचे हँडल हवे असेल तर २२.२ वरून २८.६ करणारा ॲडॅप्टर मिळतो.
- *सीटची नळी.* रोडस्टरला बहुधा २५.४. रेनॉल्ड्स ५३१ सारख्या पातळ नळीच्या फ्रेमवर २७.२ असते. ०.२ मि.मी.चा फरकही सीट खाली सरकवतो.
- *आऱ्यांची भोके.* इंग्रजी पद्धतीत पुढे ३२, मागे ४०. नवे हब बहुधा ३६ भोकांचे. जुनी रिम आणि नवा हब यांचे लग्न इथेच मोडते.

५. गंज काढणे

फ्रेमचा जुना रंग अस्सल असेल, सोनेरी लायनिंग दिसत असेल तर आधी विचार करा. मऊ कापड, साबणाचे पाणी आणि थोडे पॉलिश यांनी जे निघते तेवढेच काढून बाकी मेणाने झाकता येते. ते एकदा खरवडले की परत येत नाही.

लहान भागांसाठी ऑक्सॅलिक ॲसिड उत्तम. लाकूड पॉलिशच्या आणि केमिकलच्या दुकानात पांढरी पूड मिळते. १ लिटर कोमट पाण्यात ३० ते ५० ग्रॅम, भाग रात्रभर बुडवा, सकाळी ब्रश मारा. वर पिवळट थर दिसला तर तो पुसून निघतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच वाळवा आणि तेल लावा. हे विष आहे: हातमोजे हवेतच, स्वयंपाकाचे भांडे नको. उरलेले पाणी विहिरीजवळ किंवा माडाच्या आळ्यात ओतू नका. आधी त्यात चुना टाकून ढवळा, पांढरा साका बसतो.

संडास साफ करायचे ॲसिड स्वस्त म्हणून फ्रेमवर कुणी ओतू नये. ते जोडांच्या फटीत शिरते, धुऊन निघत नाही आणि नव्या रंगाखालून सहा महिन्यांत फोड येतात. शिवाय त्याच्या वाफेने खोलीतली बाकीची हत्यारेही गंजतात.

क्रोमच्या भागांना ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात भिजवून घासा. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, त्यामुळे ओरखडा पडत नाही. क्रोम सुटून खाली लोखंड दिसत असेल तर मात्र पुन्हा प्लेटिंग लागेल. पितळी बिल्ल्याला चिंच पुरते.

६. मागची टोके ताणणे

११० वरून १२० करणे रोडस्टरच्या जाड नळ्यांना झेपते. त्यापुढे १३० पर्यंत अनुभवी हाताने. १३५ चा नाद पहिल्या फ्रेमवर नको. सीटकडे जाणाऱ्या मागच्या नळ्या बोल्टने जोडलेल्या असतील तर तो बोल्ट आधी सैल करा.

आट्यांचा दांडा दोन्ही खाचांत घालून आतल्या बाजूचे नट फिरवा. लोखंड मागे येते, म्हणून हव्या अंतरापेक्षा पुढे जावे लागते. किती पुढे, हे प्रत्येक फ्रेमवर वेगळे. १२० च्या पुढे ५ मि.मी. नेऊन सोडा, मोजा, पुन्हा ५ पुढे, सोडा, मोजा. एकदम ताणू नका. दर वेळी दोरा-परीक्षा करा, कारण दांड्याने जी बाजू कमजोर तीच जास्त सरकते. एकच बाजू मागे असेल तर लांब लाकडी फळी सीटच्या नळीला टेकवून तेवढीच बाजू हलवा. नंतर दोन्ही खाचांचे पत्रे एकमेकांशी समांतर आहेत ना पाहा. नसतील तर नट आवळताना ॲक्सल वाकतो आणि पुढे मोडतो.

ही पद्धत फक्त लोखंडाला. ॲल्युमिनियमची फ्रेम अशी ताणली तर तडकते.

७. कोणता भाग नवा, कोणता जुना

पैसे मोजके असतील तर आधी ब्रेक, मग चाके, मग गिअर.

*ब्रेक.* क्रोमची लोखंडी रिम आणि रॉड ब्रेक ही जोडी पावसात जवळजवळ थांबतच नाही. पर्वरीचा उतार आणि जून महिना डोळ्यासमोर आणा. दोन मार्ग आहेत. पहिला, ॲल्युमिनियम रिम आणि लांब हातांचे कॅलिपर. टेक्ट्रोचे आर५५९ हे ५५ ते ७३ मि.मी. पोच देते. चिमट्याच्या डोक्यातल्या भोकाच्या मध्यापासून रिमच्या घासणाऱ्या पट्टीपर्यंत अंतर मोजा. ते ७३ च्या पुढे गेले तर हा मार्ग बंद. दुसरा मार्ग म्हणजे पुढच्या हबात ड्रम ब्रेक. तो पाण्याने बाधत नाही, रिम कसलीही चालते, फक्त त्याचा आधाराचा हात चिमट्याला पक्का क्लॅम्प करावा लागतो. गोव्यासाठी ड्रमच अधिक बरा.

*चाके.* जुने २८×१½ म्हणजे ६३५ मि.मी. रिम. नवे ७००सी म्हणजे ६२२. ७००×३५ टायर लावले की सायकल साधारण १ सें.मी. खाली येते. वळणावर पेडल टेकू नये म्हणून क्रँक १६५ मि.मी.चाच ठेवा. २८×१½ चे टायर गावोगावी मिळतात, ड्रम हब घेणार असाल तर जुनी मापे ठेवणेही शहाणपणाचे आहे.

*गिअर.* रोडस्टरच्या खाचा मागे उघडतात आणि डिरेलर (चेन सरकवून गिअर बदलणारा भाग) लावायला कान नसतो. त्यामुळे हबातले गिअर घ्या. स्टर्मी-आर्चरचा ३ गिअरचा हब (७५, १००, १३३ टक्के) किंवा शिमानो नेक्सस ३, ज्याला १२० मि.मी. लागतात. जुन्या रॅलेवर आधीच स्टर्मी-आर्चर ए.डब्ल्यू. असेल तर तो फेकू नका. हबाच्या अंगावर तयार झाल्याचे वर्ष आणि महिना कोरलेला असतो, आणि पातळ मशीन तेल घातले की पन्नास वर्षांचा हबही चालू होतो.

दातांचे गणित: जुन्या ४८ दातांच्या चक्राला मागे १८ दात असतील तर पेडलच्या एका फेरीत सायकल जवळजवळ ६ मीटर जाते. आल्तिनोच्या चढावर हे गुडघ्यांना जड. ७००सी चाकावर ४२ बाय २० घेतले तर मधल्या गिअरला साडेचार मीटर, खालच्याला ३.४ आणि वरच्याला ६. म्हणजे जुन्या सायकलचा एकमेव गिअर आता सर्वात वरचा झाला. चेन १/२×१/८ घ्या. चक्र आणि मागची फिरकी एका रेषेत, २ मि.मी.च्या आत हवीत. ती बी.बी. ॲक्सलच्या लांबीने जुळवायची. म्हणून ॲक्सल सर्वात शेवटी मागवा.

आता सगळे कच्चे बसवा. चाक फिरवा, चेन ताणा, मडगार्ड लावा, ब्रेक दाबा. जे अडते ते आत्ताच कानशीला द्या. केबलसाठी कान किंवा मडगार्डसाठी भोके हवी असतील तर तीही आत्ताच. बुशीच्या तळाशी ४ मि.मी.चे भोक नसेल तर पाडा, आत शिरलेल्या पावसाच्या पाण्याला वाट हवी.

८. रंग

औद्योगिक वसाहतींतून पावडर कोटिंग होते. ग्रिल-खिडक्या करणाऱ्या फॅब्रिकेशनवाल्याला विचारा, तो पत्ता देतो. पण त्याला सायकलची सवय नसते, म्हणून चार गोष्टी लिहूनच द्या:

- सँडब्लास्टिंग बारीक वाळूने, हलक्या दाबाने.
- बुशीचे आटे, पुढच्या नळीची दोन्ही तोंडे, सीटच्या नळीचे आत आणि खाचांचे पत्रे झाकायचे. आट्यांत कोटिंग भरले तर टॅप मारायला वेगळे पैसे जातात.
- ब्लास्ट झाल्यावर त्याच दिवशी प्रायमर.
- खळगे पुट्टीने भरायचे नाहीत. भट्टी १८०-२०० अंशांची असते, साधी पुट्टी फुगते.

हाताने फवारणार असाल तर दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर दोन हात, रंग दोन-तीन पातळ हात, वर क्लिअर. रेड ऑक्साइडवर भिस्त ठेवू नका, समुद्रकाठी तो एकटा टिकत नाही. दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगाचा हार्डनर फुप्फुसाला घातक आहे, साधा कापडी मास्क पुरत नाही. लायनिंगसाठी पाट्या रंगवणारा पेंटर शोधा. स्टिकरपेक्षा त्याचा ब्रश चांगला दिसतो.

बाहेर रंग, तर आत तेल. हार्डवेअरच्या दुकानातले डबल बॉइल्ड अळशीचे तेल ४०-५० मि.ली. सीटच्या नळीतून आणि हवेच्या भोकांतून आत सोडा, फ्रेम सगळ्या दिशांनी फिरवा, उरलेले गळू द्या आणि आठवडाभर वाळवा. हे करणारे फार थोडे, पण फ्रेम किती वर्षे जगेल हे त्यावर ठरते. तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटतात. पाण्यात बुडवा किंवा मोकळ्या पसरून वाळवा.

९. पक्की जुळणी

प्रत्येक आट्यावर, सीटच्या नळीवर, हँडलच्या दांड्यावर ग्रीस हवे. कटोरीत छर्रे ग्रीसमध्ये बसवा आणि हँडल अडखळत नाही, हलतही नाही, इथे थांबा. चौकोनी ॲक्सलवर क्रँकचा बोल्ट ३५-४० न्यूटन मीटर. टॉर्क पाना नसेल तर पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळा, कारण क्रँक थोडा आत सरकतोच. एकदा सैल क्रँकने चालवले की त्याचे चौकोनी भोक गोल होते आणि क्रँक बदलावा लागतो. हबातल्या गिअरच्या ॲक्सलला न फिरू देणारे खास वॉशर असतात. ते दोन्ही बाजूंना आणि योग्य दिशेने लावा, नाहीतर ॲक्सल फिरून केबल तुटते.

पहिली फेरी सपाटीवर, रिकाम्या रस्त्यावर घ्या. साधारण ५० किलोमीटर झाले की आऱ्यांचा ताण, क्रँक, हँडल आणि ड्रमचा आधाराचा हात तपासा. केबलही तेवढ्यात सैल पडते, ती ताणा. चवथीनंतर, पाऊस ओसरला की सीटची नळी काढून फ्रेम उलटी करा. पाणी निघाले तर तळाचे भोक बुजले आहे. तारेने मोकळे करा आणि अळशीचे तेल पुन्हा सोडा.